निखाऱ्यावर घेतलेलं नाव

प्रिय रुद्रच्या पप्पा,

पत्र पाहून आधी घाबराल, म्हणून पहिल्यांदा खुशाली. तुमची याडी, माझ्या सासूबाई, बरी आहे, गुडघा सोडला तर. शेळी व्याली, दोन करडं झाली. सोयाबीन काढून झालं, औंदा शेंगा बऱ्या भरल्या होत्या. रुद्रचा वरचा दात पडला आणि त्यानं तो घराच्या पत्र्यावर फेकायच्या नादात शेजारच्यांच्या वरणात टाकला. आता तुम्ही म्हणाल, एवढं सांगायला फोन नव्हता का. फोन आहे. पण फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता. मी इकडून गाडाभर बोलते, तिकडून 'हं' येतो, मागं जेसीबीची घरघर ऐकू येते आणि मग रेंज जाते. ती खरंच जाते की तुम्ही घालवता, हे मी कधी विचारलं नाही. कागदाला 'हं' म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले. उत्तमसिंगभाऊ उद्या पुण्याला परत निघालेत, त्यांच्याच हाती देते. तुमचे चुलतभाऊ असले तरी या कामात मी त्यांना माझ्या बाजूला ओढलंय. तुम्ही पूर्ण वाचेपर्यंत ते तुमच्या खोलीतून हलणार नाहीत.

दसऱ्याला त्यांनीच तुमचा निरोप आणला, की प्रेमदास दिवाळीला येतोय, पूर्वजांना घास देतात त्या धबुकाराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचतो आणि पाडवा करून परत जातो. याडी तिथंच खाली बसून रडायला लागली. माझी तव्यावरची भाकर करपली, ती मी माझ्याच ताटात घेतली. तांड्यावरची निम्मी माणसं आमच्या ओट्यावर जमली. एकट्या रुद्रला काही नवल वाटलं नाही. तो करडाला पाला चारत होता. मान वर न करता म्हणाला, "मला ठाऊक व्हतं. म्याच बोलावलंय त्यांला." बाकीचे हसले. याडी हसली नाही आणि मीही हसले नाही. त्यानं तुम्हाला कसं बोलावलं हे तांड्यावर आम्हा दोघींनाच नीट माहीत आहे, आणि ते तुम्हाला कळल्याशिवाय तुम्ही या घराचा उंबरा ओलांडू नये असं मला वाटतं.

पण त्याआधी तुम्हाला तुमचा मुलगा कसा झालाय ते सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि त्याला फक्त खायला आणि पडायला येत होतं. आता पहिलीत आहे. सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी सेवालाल महाराजांच्या फोटोपुढं उभा राहतो आणि विनती म्हणतो, तुमच्या बापूंनी शिकवलेली, सगळ्यांचं भलं होऊ दे म्हणणारी. आपण लहानपणापासून ती म्हणतो. गुराढोरांचं, झाडाझुडपांचं, मुंगीकिड्यांचं भलं होऊ दे म्हणतो आणि म्हणून झालं की चप्पल घालून मुंग्यांवरूनच चालत बाहेर पडतो. हा पोरगा तसा नाही. श्रावणात गुळाच्या डब्याला मुंग्या लागल्या म्हणून याडीनं मुंग्यांच्या खडूनं फडताळाभोवती रेघ मारली. यानं ओल्या फडक्यानं ती पुसली. याडीनं परत मारली, यानं परत पुसली. शेवटी तिनं कान धरला तर म्हणतो, सकाळी त्यांचं भलं होऊ दे म्हणायचं आणि दुपारी खडू लावायचा, मग महाराजांनी कुणाचं ऐकायचं? याडीनं कान सोडला. गुळाचा डबा तेव्हापासून दोरीला टांगलेला आहे आणि मुंग्या दोरीवरून जातात.

मला वाटायचं, वय आहे, जाईल. मी अंगणवाडीत रोज वीस-पंचवीस लेकरं बघते, त्यांचे नाद येतात नि जातात. याचं तसं नाही. आपण देवाला मानतो, पण मानून झालं की बाजूला ठेवतो आणि कामाला लागतो. यानं बाजूला ठेवलेलंच नाही. त्याला देव माहीत आहे तो उत्तमसिंगभाऊ माहीत आहेत तसा, म्हणजे माणूस भला आहे, कामात असतो, सांगितलेलं करतो, फक्त आठवण द्यावी लागते. शाळेत खिचडी खाताना हा डोळे मिटून बसतो. पोरं मध्येच त्याच्या ताटातला मटकीचा वाटा पळवतात, तरी डोळे उघडत नाही. मी रागावले तर म्हणाला, ज्यानं घेतली त्याला भूक असंल. असं काही बोलला की मला अभिमान वाटायला हवा, पण धास्तीच वाटते. इतकं सरळ चालणारं लेकरू कुठं ठेचकाळेल, हेच मी बघत बसते.

गेल्या महिन्यात शाळेची सहल नरसी नामदेवला गेली. जवळच तर आहे, पण त्यानं आदल्या दिवसापासून नवा शर्ट अंगात घालून ठेवला होता. तिथं गुरुजींनी पोरांना लहानग्या नामदेवाची गोष्ट सांगितली. वडील गावाला गेले म्हणून नैवेद्य घेऊन तो देवापुढं बसला, देव जेवेना, म्हणून हटून बसला आणि शेवटी देवाला जेवावंच लागलं. ही गोष्ट हिंगोलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ऐकून सगळी पोरं भेळ खायला पळाली. हा गुरुजींच्या मागं लागला, की देव जेवल्यावर ताट रिकामं झालं का, नामदेव किती वेळ बसला, मध्ये उठला असता तर चाललं असतं का. गुरुजी मला सांगताना हसत होते. मी चहा ओतत होते, तो बशीत सांडला. कारण हा हे कशासाठी विचारतोय ते मला कळलं होतं.

आता धबुकाराचं सांगते. तुम्ही गेल्यावरची पहिली दिवाळी आठवा, म्हणजे तुम्ही नव्हता ती. आपल्याकडं गॅस आला तरी त्या दिवशी याडी चूल पेटवतेच. लापशी शिजली की निखारे पुढं ओढले, त्यांच्याभोवती पाणी फिरवलं आणि ती एकेका पूर्वजाचं नाव घेऊन लापशी नि तूप निखाऱ्यावर सोडू लागली. बापूंचं नाव घेतलं, त्यांच्या बापाचं घेतलं, मग आणखी वरची. घरात पुरुष माणूस नाही म्हणून हे तिला करावं लागतंय, याचं तिला किती वाईट वाटत होतं ते तिच्या पाठीवरून दिसत होतं. रुद्र शेजारी उकिडवा बसला होता. त्यानं विचारलं, हे कुणाला? याडीच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. मेलेल्यांना, असं सणाच्या दिवशी चार वर्षांच्या लेकराला कुठं सांगायचं. ती म्हणाली, जे घरात नाहीत त्यांना पोचतं. एवढंच म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

मग गेली दिवाळी. बापूंचं नाव झालं, पुढची नावं झाली आणि याडी हात धुवायला वळली. तेवढ्यात यानं आपल्या ताटलीतला घास उचलला, निखाऱ्यावर ठेवला, वाटीतलं तूप ओतलं आणि मोठ्यानं म्हणाला, "प्रेमदास थावरा राठोड." पूर्ण नाव, शाळेत हजेरी घेतात तसं. तूप जरा जास्तच पडलं असेल, जाळ भप्पकन वर आला. याडी जी ओरडली ती मी आजही विसरले नाही. तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, चुलीवर तांब्या उपडा केला, घरभर धूर आणि राख झाली. तो रडला नाही. गोरमाटीत म्हणाला, मी मराठीत लिहिते, "पप्पा घरात न्हाईत ना? मंग त्यांला काहून न्हाई द्यायचं?" याडीनं तुमच्यावरून लिंबू उतरवायला तुमचा जुना शर्ट पेटीतून काढला. पोटच्या पोराचं नाव मेलेल्यांच्या रांगेत निघालं म्हणून ती तेव्हापासून मंगळवार धरते, हे तिनं तुम्हाला सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी मी तुम्हाला उगाच फोन केला होता. जेवलात का, एवढंच विचारलं. तुम्ही 'हं' म्हणालात. आयुष्यात पहिल्यांदा मला तो 'हं' गोड लागला.

लेकराचं काय चुकलं ते तुमच्या ध्यानात आलं असेल. त्याला वाटतं, चुलीतून घास पाठवला की लांबच्या माणसाला मिळतो आणि आपली आठवण होते. जाळ वर आला म्हणजे पोचला. वर्षभर तुम्ही आला नाहीत, तरी त्याचा भरवसा हलला नाही. पुणं लांब आहे म्हणायचा. आता उत्तमसिंगभाऊंनी निरोप दिला आणि त्याचं सगळं जुळून आलं. बरं, तुम्ही येणारही नेमके त्याच दिवशी, त्याच संध्याकाळी. मला तुमच्यावर राग धरायला खूप कारणं आहेत, पण हे ठरवून केलेलं नाही हे मला माहीत आहे. तुम्हाला सुट्टीच तेवढी मिळाली असेल.

हे इथंच थांबलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. बापाला बोलावलं नि बाप आला, असं मानून एखादं पोर खूश राहिलं तर कुणाचं काय बिघडतं? पण परवा रात्री जेवताना तो म्हणाला, या वेळी मी राणीचं नाव घेणार. गेल्या वर्षी दादीनं मध्येच मारलं म्हणून राहून गेलं.

राणीबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. म्हणून इथं थोडं लिहिते, तुम्हाला वाचवेना तर उठून बाहेर फिरून या, पण परत येऊन वाचा. ती तापली तेव्हा रुद्र माझ्या माहेरी होता, हट्ट्याजवळच्या तांड्यावर, मामाच्या हळदीच्या वाफ्यात खेळत. आपण तिला नांदेडला नेलं. दवाखान्यात सगळे धावले, मी कुणाला बोल लावत नाही. सात महिन्यांचा जीव, छातीत पाणी झालं होतं, नाही राहिली. पहाटे आपण तिला घेऊन आलो. तुम्ही आणि चार माणसं तिला घेऊन शेताकडं गेलात. बायांनी जायचं नसतं म्हणून मी इथं चुलीपाशी बसून राहिले, अंगावरचं दूध दाटलेलं. चार दिवसांनी मामा रुद्रला घेऊन आला. झोळी सोडून ठेवलेली होती. त्यानं घरभर शोधलं नि विचारलं, राणी कुठंय. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही त्याला उचलून घेतलंत आणि म्हणालात, "नांदेडला हाये, दवाखान्यात. बरी झाली की आणू." आणि पोळा झाल्यावर तुम्ही कामाला निघून गेलात.

तुम्ही का गेलात ते मला कळत नाही असं समजू नका. ज्या हातांनी तिला ठेवलं त्याच हातांनी तुम्हाला या घरात भाकर मोडता येत नव्हती, हे मी बघत होते. तुम्ही दारू धरली नाहीत, दुसरं घर केलं नाहीत, पैसे वेळेवर येतात. तांड्यावर बाया म्हणतात, संगिताचं नशीब चांगलं. मी मान डोलावते. पण तुम्ही एक वाक्य इथं टाकून गेलात आणि ते मला रोज सांभाळावं लागतं. राणी बरी झाली का? डॉक्टर काय म्हणाले? तिला तिथं कोण न्हाऊ घालतं? पहिल्यांदा मला वाटलं, विसरेल. मग वाटलं, तुम्ही याल तेव्हा सांगाल. याडी म्हणाली, शाळेत गेला की आपोआप कळेल. तांडा एवढा बोलघेवडा, कुणाच्या घरी कोणती भाजी शिजली ते झाकून राहत नाही, पण ही एक गोष्ट सगळ्यांनी पदराखाली धरली. पोरंसुद्धा त्याच्यासमोर बोलत नाहीत. लोक चांगले असले की कधी कधी फार अवघड होतं.

आता तो तयारीला लागलाय. आपल्या गल्लीतल्या दिपकची प्रतिक्षा राणीच्याच महिन्यातली आहे, माझ्या अंगणवाडीत येते. मी दर महिन्याला तिचं वजन करते, उंची घेते आणि खाली बघत आकडा लिहिते. रविवारी यानं तिला हाताला धरून आपल्या घरी आणलं, दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं आणि तिच्या डोक्यावर कोळशानं रेघ मारली. मला म्हणाला, "एवढी असंल राणी आता. जरा कमी, ती आजारी व्हती ना." मग तिला बिस्कीट देऊन घरी पोचवून आला. काल याडी दिवाळीचा चुना मारत होती. त्या रेघेपाशी आली आणि तिचा हात थांबला. तिनं कुंचा खाली ठेवला, परत उचलला आणि मग रेघेच्या वर मारला, खाली मारला, तेवढी जागा सोडून दिली. चौकट आता तशीच आहे, मध्ये काळीभोर.

मला काय भीती वाटते ते नीट सांगते. तुम्ही त्या संध्याकाळी दारात उभे राहाल. हा तुम्हाला बघेल, चुलीकडं बघेल आणि त्याच्या मनातलं पक्कं होईल. मग तो राणीचं नाव घेईल. याडीत त्याचा हात धरायचं बळ नाही, माझ्यात तर नाहीच. तूप पडलं की जाळ वर येणारच, तो कुणासाठीही येतो. आणि हा दारात जाऊन बसेल. नामदेव उठला नव्हता हे त्यानं गुरुजींकडून पक्कं करून घेतलंय. पाडव्याला तुम्ही बॅग घेऊन त्याच्या शेजारून निघून जाल आणि तो म्हणेल, पप्पा, थांबा ना, राणी येऊन राहिली. त्याचा देवावरचा भरवसा उडेल म्हणून मी घाबरत नाही. उडाला तर रडेल, चार दिवसांनी जेवेल. पण हा भरवसा सोडणारा पोरगा नाही. तो म्हणेल माझंच काहीतरी चुकलं, तूप कमी पडलं, मी मध्ये उठलो. आणि पुढच्या दिवाळीला परत बसेल, त्याच्या पुढच्या दिवाळीला परत. त्या मुंग्यांच्या दोरीसारखं मला हसून सोडून देता येणार नाही ते.

मी स्वतः सांगून बघितलं. गेल्या बुधवारी त्याला जवळ घेतलं, म्हटलं, रुद्र, राणी आता येणार नाही. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, समजूत घातल्यासारखा माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाला, "पप्पांनी सांगितलंय, येणार हाये." तुमचं वाक्य माझ्यानं मोडत नाही, प्रेमदास. या घरात ते देवाच्या शब्दाबरोबरीनं बसलंय.

म्हणून लिहितेय. दिवाळीला येऊ नका. त्याच्या आधी या. कुठल्याही साध्या दिवशी, सणाचा नसेल, निरोप पाठवलेला नसेल, चूल थंड असेल अशा दिवशी, भर दुपारी सेनगावच्या एसटीनं उतरा आणि चालत या, म्हणजे त्याला दिसेल की बाप आपल्या पायानं आला, आपल्या मनानं आला. कामावरून खाडे पडले तर पडू देत. घरात पाणी प्या आणि मग त्याचा हात धरून आम्हाला शेताकडं घेऊन चला. याडी म्हणेल बायांनी जायचं नसतं, तिला मी बघून घेईन. तुम्ही तिला कुठं ठेवलंय ते त्याला दाखवा आणि तुमच्या तोंडानं सांगा. तुमच्याबरोबर गेलेल्या चारांपैकी कुणालाही मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. त्या वावरात मी दोन हंगाम खुरपलं, कापणी केली, आणि प्रत्येक पाऊल टाकताना खाली बघितलं. मलाही ती जागा माहीत नाही.

तुमचीच,
संगिता